मांडवाभोवती साडेबारा फेऱ्या

आमच्या कॉलेजच्या मैदानाला नशीब आहे, असं उदयसिंह सरांचं ठाम मत होतं. सर आमचे खेळाचे संचालक. मूळचे माळशिरसकडचे, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला ‘पळ’ म्हणाले तर त्या टोकाला चरणारी म्हैसही पळते. त्यांचं म्हणणं, शहरातल्या सगळ्या मोठ्या मैदानांवर लग्नाचे मांडव पडतात, मग महिनाभर पोरं खड्डे चुकवत आणि खिळे वेचत बसतात. आपल्याकडं मात्र बारा वर्षांत लग्नापायी सराव एक दिवस बुडाला नाही. “लग्नवाल्यांची नजरच जात न्हाय की आपल्या मैदानाकडं,” असं ते प्रत्येक नव्या प्राचार्यांना सांगत, आणि शनिवारी मारुतीला नारळ फोडून येत.

मैदानाचं नशीब आमच्या ऑफिसात, खिडकीकडच्या टेबलाशी बसत होतं. भुवनेश्वरी बिराजदार, कार्यालय अधीक्षक. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणतो. त्यांना उन्हात अर्धशिशी उठते, त्यामुळं त्या मैदानावर कधी गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही. शर्यत तर त्यांनी जन्मात बघितली नव्हती. स्पर्धा असली की त्या आत बसून कागद करत.

आमच्या संस्थेनं मैदान लग्नकार्याला द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याची वही मॅडमच्या ताब्यात आली. नियमही मॅडमनीच लिहिला. ज्याची नोंद आधी, त्याचं मैदान. नोंद रद्द करायची तर ज्यानं केली त्यानंच लेखी अर्ज द्यायचा, दुसऱ्या कुणालाही, अगदी सचिवांनाही, ती खोडता येणार नाही. नियम इतका सरळ होता की कुणाला त्यात काही दिसलं नाही.

दरवर्षी पाडव्याच्या आधी नवं पंचांग बाजारात आलं की दुपारच्या डब्यानंतर मॅडम ते उघडून बसत. हातात तांबडी पेन्सिल. आम्हाला वाटायचं, त्या मुलासाठी, अभिमन्यूसाठी मुहूर्त बघतायत. अभिमन्यूचं लग्न झालं, तो पुण्याला गेला, तरी मॅडम मुहूर्त बघतच होत्या. तेव्हा आम्ही अंदाज करणं सोडून दिलं. त्या काय करत ते मला फार उशिरा कळलं. वर्षातले लग्नाचे झाडून सगळे मुहूर्त त्या मैदानाच्या वहीत आधीच भरून ठेवत. प्रत्येक तारखेपुढं ‘क्रीडा विभाग, सराव’. लग्नवाले यायचे, वही बघायचे आणि चुकचुकत परत जायचे. बिनमुहूर्ताचे दिवस तेवढे मोकळे असत, आणि बिनमुहूर्ताचं लग्न कोण करतंय?

आणखीही काही होतं. परीक्षेच्या काळात मुलींना लवकर उठून अभ्यास करता यावा म्हणून वसतिगृहाची मेस साडेपाचला उघडावी, असं एक परिपत्रक निघालं होतं. परीक्षा संपली तरी ते मागं घ्यायचं राहूनच गेलं. साडेपाचला मेसमध्ये चहा आणि उकडलेली अंडी खायला कोण येई, तर पळणाऱ्या पोरी. बागेला पाणी घालायचा टँकर रोज पहाटे बागेआधी मैदानावर एक चक्कर मारायचा, धूळ बसावी म्हणून. कागदावर सगळी बागच होती.

या पळणाऱ्या पोरींत अंकिता होती. वैरागची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आई मथुराबाई रानात राबणारी. तीन वर्षं शीक म्हणाली होती, चौथ्या वर्षाचं बोलणं कुणी काढलं नव्हतं. अंकिता पाच हजार मीटर पळायची. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या निवड चाचणीत ती तिसरी आली, आणि संघात घेतात दोघींना. त्यामुळं तिच्यासाठी सगळं या वर्षावर आलं होतं. या चाचणीत पहिल्या दोघींत आली तर देशभरातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला जाणार. नाही आली तर वैरागच्या एस.टी.त बसणार, आणि मग कोण कशाला पळतंय.

चाचणी यंदा आमच्या मैदानावर व्हायची होती. विद्यापीठानं ऑक्टोबरात फोनवर तारीख विचारली, तेव्हा उदयसिंह सर मॅडमच्या टेबलाशी आले. मॅडमनी पंचांग चाळून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला एक गुरुवार सांगितला. त्या दिवशी मुहूर्त नव्हता, म्हणजे मैदानाला धोका नव्हता. वहीत नोंद करायची तर विद्यापीठाचं पत्र हवं, ते आल्यावर करू, असं त्यांनी ठरवलं. बिनपत्राची नोंद मॅडम फक्त चोरीछुपेच करत. उघड कामात त्या फार काटेकोर.

मग त्यांच्या नातीचं बारसं निघालं आणि त्या चार दिवस पुण्याला गेल्या. त्या चार दिवसांत अक्कलकोट रोडचे ईरप्पा कलशेट्टी आले. डाळीचे व्यापारी, मार्केट यार्डात दुकान. धाकट्या मुलीचं, शिवलीलाचं लग्न होतं. त्यांनी सांगितलेली तारीख वहीत कोरी होती. वही तेव्हा माझ्याकडं होती. मी नोंद केली, सही घेतली, पावती दिली आणि पेढाही खाल्ला.

तोच तो गुरुवार.

विद्यापीठाचं पत्र आलं त्या दिवशी मॅडमनी वही उघडली. मग मला बोलावून विचारलं, हे अक्षर तुझंच ना. मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, पण या दिवशी कुणाचं लग्न असूच शकत नाही. पंचांग काढून त्यांनी मला दाखवलं. पानावर सगळीकडं तांबड्या खुणा होत्या, त्या गुरुवारी नव्हती. बारा वर्षांचं गुपित मला असं फुकटात कळलं.

त्यांनी घरी सासूबाईंना फोन लावला. त्यांच्या घरी कानडी बोलतात, आणि स्वयंपाकघरात गॅसच्या वर कानडी पंचांग टांगलेलं असतं. मॅडम रोज सकाळी त्याच्यासमोर उभं राहून चहा करतात. सासूबाईंनी चष्मा शोधला, बघितलं आणि सांगितलं की त्या दिवशी उत्तम मुहूर्त आहे. त्या दिवसाच्या तीन पत्रिका घरात येऊन पडल्यात, एक तर फ्रिजवर तूच चिकटवलीस.

मॅडमनी फोन ठेवला. “बारा वर्षं मराठी पंचांग बघून लग्नं अडवली,” त्या म्हणाल्या, “आणि घरातलं बघितलं नाही.”

मैदान नसेल तर चाचणी माळशिरसकडच्या एका कॉलेजात हलणार होती, त्याच दिवशी. आणि त्याच दिवशी अकरा वाजता अंकिताची रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल होती. बाहेरचे परीक्षक एकच दिवस येणार, दुसरी बॅच नाही. इथं सातला पळून अकराला लॅबमध्ये उभं राहता आलं असतं. माळशिरसहून काही केल्या नाही. प्रॅक्टिकल बुडाली की वर्ष गेलं, आणि आणखी एक वर्ष मथुराबाई देणार नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं.

उदयसिंह सरांनी अंकिताला सांगितलं, तेव्हा ती ऑफिसात आली. रडेल म्हणून मी पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता. ती रडली नाही. म्हणाली, प्रॅक्टिकलच देते मॅडम, ते बरं. चाचणीच्या यादीतनं नाव काढायला अर्ज कसा लिहायचा, एवढंच तिला विचारायचं होतं. मॅडमनी तिला कोरा कागद दिला आणि परत घेतला. “दोन दिवस थांब,” म्हणाल्या. “अर्ज काय, केव्हाही लिहिता येतो.”

नोंद खोडणं मॅडमच्या हातात नव्हतं. नियम त्यांचाच होता. सचिवांकडं जावं तर बारा वर्षांच्या बाकीच्या नोंदीही वर आल्या असत्या. आणि कलशेट्टींच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडम माझ्या स्कूटीवर मागं बसल्या आणि आम्ही अक्कलकोट रोडला गेलो. रस्ताभर त्या प्रत्येक गतिरोधकाला माझा खांदा दाबत होत्या.

घरात लग्नाची गडबड. ओसरीवर ईरप्पांची आई मल्लव्वा अक्षतांचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, गुडघे गेलेले, नजर मात्र पोत्यातला खडा बाहेरून ओळखेल अशी. ‘बर्री, कूडरी’ असं या-बसा झालं, चहा आला. मॅडमनी सगळं सांगितलं, कानडीत आणि मराठीत मिसळून. तारखेची चूक, चाचणी, अंकिता. मग म्हणाल्या, मांडव हलवा म्हणत नाही. मांडव मैदानाच्या मधोमध घाला. भोवतीनं पळायचा रस्ता आहे, तेवढा सकाळी आठपर्यंत मोकळा ठेवा. कमान रस्त्याच्या आत घ्या, आचाऱ्यांच्या चुली आत घ्या, गाड्या बाहेर लावू. पोरी भोवतीनं पळतील आणि जातील.

ईरप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. ते काही वेगळंच आठवत होते.

“आमच्या महादेवीच्या लग्नालाबी तुमचंच मैदान मागितलं होतं मी,” ते म्हणाले. “सहा वर्सं झाली. तुमीच सांगितलं, पोरांचा सराव हाय.”

इथं हो म्हणून गप्प बसता आलं असतं. मी तर मनात म्हणतच होते, गप्प बसा.

“सराव होता,” मॅडम म्हणाल्या. “पण तारीख मी पंचांग बघून अडवली होती. दरवर्षी सगळ्या मुहूर्तांच्या अडवते. तुमच्याकडचं लग्न माझ्यामुळं दुसरीकडं झालं.”

ईरप्पांच्या कपाळाची शीर दिसायला लागली. महादेवीचं लग्न त्यांना पार गावाबाहेरच्या हॉलात करावं लागलं होतं. निम्मी पंगत पोचलीच नाही, व्याही अजून बोलून दाखवतात. त्यांनी ते सगळं सांगितलं, आवाज न चढवता, आणि तेच ऐकायला जड होतं. मॅडम खाली बघत ऐकत राहिल्या. माफी मागितली ती एकदाच, लांबण न लावता.

तेवढ्यात मल्लव्वांनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, “हुडगी ओडताळेन?”

पोरगी पळते का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मॅडम ‘हौदरी’ म्हणाल्या. किती पळते? साडेबारा फेऱ्या. कशाला?

“मला नाही माहीत, अव्वा,” त्या म्हणाल्या. “मी कधी पळले नाही. पण पळत असली की तेवढा वेळ तिला कुणी हाक मारून काम सांगत नाही.”

म्हातारी हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन, अंग हलेपर्यंत हसली. मग लेकाकडं वळून म्हणाली, देऊन टाक. ईरप्पा म्हणाले, अव्वा, पोरी अर्ध्या चड्डीत मांडवाभोवती पळणार, पाव्हणे काय म्हणतील. त्यावर मल्लव्वा म्हणाल्या, “पाव्हणे काय म्हणत्यात? बघत्यात.”

अटी मात्र त्यांनी घातल्या. त्या वेळेला मांडवात नवरीची सुरगी असणार. म्हणजे चार कोपऱ्यांवर पाण्याचे तांबे मांडून, भोवतीनं दोरा गुंडाळून, मधे बसवून तिला हळदीची आंघोळ. त्या वेळी बंदूक वाजायची नाही, शर्यत शिट्टीवर सुटेल. वाजंत्री थांबणार नाही. आणि पळणाऱ्या सगळ्या पोरी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खाऊनच जातील, लग्नाच्या दारातून उपाशी कुणी जायचं नाही.

मॅडमनी तीनही अटी लिहून घेतल्या. सवयच.

विद्यापीठाला पत्र गेलं ते मीच टाइप केलं. ‘मैदानाच्या अंतर्भागात त्या दिवशी तात्पुरते बांधकाम असेल. धावमार्ग पूर्णपणे मोकळा व सुस्थितीत राहील.’ यात एक शब्द खोटा नव्हता. तात्पुरत्या बांधकामात नवरी बसलेली असेल हे लिहायची गरज मॅडमना वाटली नाही.

त्या गुरुवारी मॅडम पहाटेच मैदानावर आल्या. डोक्याला रुमाल, कपाळावर बाम, ऊन अजून नव्हतं तरी. उदयसिंह सर मांडववाल्याला दम भरून रात्रीच तिथं झोपले होते. फक्कीच्या पांढऱ्या रेषा ताज्या मारलेल्या, आणि मधोमध लाल-पिवळा मांडव, केळीचे खुंट, चुलींचा धूर. निवड समितीचे तिघे आले, मांडवाकडं बघून थबकले. त्यातले मोठे सर म्हणाले, हे तात्पुरतं बांधकाम का? मॅडम हो म्हणाल्या आणि त्यांच्यापुढं गरम उपीट ठेवलं. त्यांनी टेपनं रस्ता मोजला, फिरून बघितला, कुठं खोट निघाली नाही. मात्र बजावलं, शर्यत चालू असताना एक माणूस जरी रस्त्यावर आडवा आला तरी चाचणी रद्द आणि पुन्हा नव्यानं, दुसरीकडं.

सातला शिट्टी झाली. नऊजणी सुटल्या. आत सनई, बाहेर मुरमावर पाय वाजतायत. गावाकडून आदल्या दिवशी आलेली पाहुणेमंडळी कानटोप्या, शाली घेऊन मांडवाच्या कडेला ओळीनं उभी. त्यांना आधी काय चाललंय कळेना. दुसऱ्या फेरीपासून त्यांनी आपापल्या पोरी निवडून घेतल्या. कुणी निळी, कुणी लाल. आमच्या कॉलेजचा बनियन पिवळा. अंकिता चौथी होती, घाईला न आलेली, मान सरळ.

मॅडम फाटकाशी माझ्याजवळ उभ्या होत्या. पाचवी फेरी संपत आली तेव्हा बाहेर हॉर्न वाजला. आळंदहून निघालेली वरपक्षाची बस. दहाला यायची ती सव्वासातच्या आत आली होती, कारण ड्रायव्हरनं कुठं थांबूच दिलं नव्हतं. बसच्या मागं बँड. नवऱ्याचे दोस्त उतरले आणि नाचतच फाटकाकडं निघाले. फाटकातून चार पावलांवर पळायचा रस्ता. तो ओलांडल्याशिवाय मांडव नाही.

मी हात आडवे करून उभी राहिले. मला कोण विचारतंय. उदयसिंह सर पलीकडच्या वळणावर होते.

मॅडम मात्र धावल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी वऱ्हाडाला नमस्कार केला आणि कानडीत म्हणाल्या, पाय धुतल्याशिवाय आत कसं घेऊ आम्ही तुम्हाला? मान राहायला नको?

दोस्तमंडळी थांबली, कारण मागून म्हाताऱ्या माणसांनी त्यांना थांबवलं. वऱ्हाडानं वेशीशी थांबायचं, मुलीकडच्यांनी पुढं येऊन पाय धुवायचे, मगच पाऊल आत. यावर दोन्हीकडं दुमत नव्हतं. पण मुलीकडचे कुठं होते? ईरप्पा आणि त्यांची बायको सुरगीला बसलेले, दोरा गुंडाळलेला, उठता येत नव्हतं. निरोप आत गेला. समितीच्या सरांना विचारून, पोरींच्या दोन घोळक्यांमधली मोकळी जागा बघून, दोन नातवांच्या खांद्यांवर हात टाकून मल्लव्वा आल्या. मागून परात, तांबे, बादल्या. म्हातारीनं फाटकाकडं बघितलं, पळणाऱ्या पोरींकडं बघितलं आणि तांब्या मॅडमच्या हातात दिला.

“माझं गुडघं वाकत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “तू आमच्याकडचीच हाईस की. तू धू. सावकाश धू.”

फाटकाच्या आत, रस्त्याच्या अलीकडं खुर्ची मांडली. पहिले बसले नवऱ्याचे थोरले मामा, गुरुबसप्पा. पांढरं धोतर, मोठ्या मिशा, तोंड मैदानाकडं. मॅडम त्यांच्यासमोर खाली बसल्या, पाठ मैदानाकडं. आमच्या अधीक्षक, ज्यांनी प्राचार्यांसमोरही खुर्ची सोडलेली मी पाहिली नाही, परक्या माणसाचं पाऊल हातात घेऊन चोळत होत्या. मागं वळून बघता येत नव्हतं. पाय धुताना मान वळवली तर तो अपमान.

मागून पायांचा आवाज आला, जवळ आला, गेला.

“कोण पुढं आहे?” मॅडमनी हळूच विचारलं, मामांच्या अंगठ्याकडं बघत.

मामांना गंमत वाटली असावी. “निळी,” ते म्हणाले. “मागं लाल. मग हिरवी. पिवळी कुणाची?”

“आमची.”

“तुमची चौथी हाय. पण दमलेली दिसत न्हाय.”

दुसरा पाय. कुंकू. गूळ. मग नवऱ्याचे काका, मग आजोबा, मग धाकटे मामा. प्रत्येकाचे दोन पाय, प्रत्येक पायावर तीनदा पाणी. मागं तरणी पोरं कुरकुरायला लागली की इतका वेळ कशाला. मल्लव्वा त्यांना म्हणाल्या, आमच्यात असंच धुतात. तुमच्यात घाईनं धुतात काय? गुरुबसप्पा मामांचे पाय धुऊन झाले होते तरी ते आत जायला तयार नव्हते. खुर्चीमागं उभं राहून मॅडमना मैदानावरचं सांगत होते. हिरवी मागं पडली. तुमची तिसरी. निळी लांब गेली. लाल आणि तुमची जवळजवळ.

मी फेऱ्या मोजत होते आणि टॉवेल धरून उभी होते. तीन राहिल्या, दोन राहिल्या. परातीतलं पाणी गार पडलं होतं. मॅडमची बोटं पांढरी झाली होती. ऊनही वर आलं होतं, नेमकं त्यांच्या पाठीवर. शेवटच्या फेरीची शिट्टी झाली तेव्हा त्यांच्या हातात नवऱ्याच्या मेहुण्याचा पाय होता. तो सोडून त्या काही करू शकत नव्हत्या, म्हणून त्यांनी तो घट्ट धरला. तो बिचारा संकोचून म्हणाला, झाला मॅडम स्वच्छ. त्यांनी ऐकलं नाही.

मामा टाचा उचलून बघत होते.

“मामा,” मॅडम म्हणाल्या.

“थांबा.”

समोरच्या बाजूला मांडवातली सगळी माणसं कडेला आली होती. दोऱ्याच्या आत, पिवळीधमक, ओली नवरीही मान उंचावून बघत होती. सनईवाला वाजवता वाजवता उभा राहिला. मग मागून पाय आले. आधी एकटे दोन पाय. थोड्या वेळानं चार पाय, इतके जवळजवळ की ते दोघींचे आहेत हे श्वासांवरूनच कळत होतं. मुरमाचे खडे मॅडमच्या पदरावर उडाले. शेवटची रेषा आमच्यापासून वीसएक पावलांवर होती, आणि मॅडम परातीतल्या पाण्याकडं बघत होत्या.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“निळी पयली,” मामा म्हणाले. “तुमची दुसरी. लाल हातभर मागं राहिली.”

मॅडमनी पदरानं त्या मेहुण्याचा पाय पुसला, कोरडा होईपर्यंत. मग दुसऱ्याला म्हणाल्या, या, बसा.

सगळ्याजणी आल्याशिवाय वऱ्हाड आत सोडलं नाही. शेवटच्या मुलीनं रेषा ओलांडली तेव्हा समितीच्या मोठ्या सरांनी हात वर केला, आणि मल्लव्वांनी परात उचलायला सांगितली. बँड वाजत आत गेला. पाय धुवायचे राहिलेले उरलेसुरले तसेच आत घुसले, आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

अंकिता मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. तिच्यासमोर पत्रावळ, पत्रावळीत हुग्गी, आणि दोन अनोळखी म्हाताऱ्या तिला वारा घालत होत्या. मॅडम तिच्यापर्यंत पोचल्या तेव्हा ती उठायला लागली. मॅडमनी तिला खांदा दाबून परत बसवलं. अंकितानं विचारलं, मॅडम, तुम्ही बघितलं का?

“ऐकलं,” मॅडम म्हणाल्या. मग घड्याळ बघितलं. “आठ वाजलेत. हे संपव. मग आंघोळ कर, हॉल तिकीट घे, एप्रन घे, आणि साडेदहाला लॅबच्या दाराशी उभी राहा. पळत येऊ नकोस. पाय दुखतील.”

अंकिता हो म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली. मॅडम तिच्याजवळच खाली बसल्या, भिजलेला पदर गुडघ्यांवर पसरून, तो वाळेपर्यंत.